धर्मादाय निधीसाठीं अर्ज कसा करावा

शाळेची पडकी खोली, कुलूप लागलेला दवाखाना आणि गाळानें भरलेला तलाव या तीन गोष्टी आमच्या नाशिक जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत पाहावयास मिळतात. कारण विचारल्यास एकच उत्तर मिळतें, "पैसा नाहीं." आमचा अनुभव निराळा आहे. पैसा देणारे आहेत. परंतु त्यांच्यापुढें ठेवण्याजोगा अर्ज गांवाकडे नसतो. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून उभी नोकरी अर्ज वाचण्यांत घालविली. तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिण्यास हरकत नसावी.

आमची चूक

प्रथम आमचीच गोष्ट सांगतों. आमच्या गांवची शाळा चौथीपर्यंत होती. पांचवीच्या मुलींना ओढा ओलांडून शेजारच्या गांवीं जावें लागे, व पावसाळ्यांत ओढ्यास पाणी आलें कीं शाळा बुडे. पांचवीच्या वर्गास मंजुरी मिळाली होती; खोली तेवढी नव्हती. एका दानसंस्थेनें दोन खोल्या बांधून देण्याचें मान्य केलें, आणि गांवांतील एका सज्जन शेतकऱ्यानें पांच गुंठे जागा देण्याचा शब्द दिला. अर्ज आम्हींच लिहिला. माणूस शब्दाचा पक्का, म्हणून सातबारा पाहण्याची गरज आम्हांस वाटली नाहीं.

संस्थेचा माणूस आला, त्यानें प्रथम सातबाराच मागितला. पाहतों तों जमीन अद्याप वडिलांच्या नांवें. वडील वारून नऊ वर्षें झालेलीं. दोघी बहिणींचीं नांवें लागलेलीं नाहींत. आणि इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. वारसनोंद, बहिणींची संमति, बोजा उतरविणें व नोंदणीकृत बक्षीसपत्र, एवढें होईतों मार्चअखेर उलटली आणि ती रक्कम दुसऱ्या तालुक्यांत गेली. दोन वर्षांनीं खोल्या झाल्या. पण तेवढ्या अवधींत चार मुलींनीं शाळा सोडली, त्या परत आल्या नाहींत. ज्याचें पोट सातबाऱ्यावर भरलें त्यानेंच सातबारा पाहिला नाहीं, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते.

देणारे कोण

शेतकऱ्यांच्या कार्यास दानाचा हात लागणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. १९१४ सालीं नाशकांत मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. धारच्या उदाजीराव पवार महाराजांचें त्यास साह्य मिळालें, व उदोजी मराठा बोर्डिंग हें नांव आजही त्याची आठवण देतें. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, दान घेऊन त्याचा जाब देणारी संस्था अगोदर उभी होती. मुंबईस सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ मध्यें व सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्यें स्थापन झाला. शिक्षण, आरोग्य, पाणी व ग्रामीण उपजीविका हीं कामें त्यांच्या कक्षेंत येतात.

तिसरे देणारे म्हणजे कंपन्या. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें ठराविक मर्यादेपलीकडील मोठ्या कंपन्यांनीं मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान २ टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करावयाचे असतात. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आली. शिक्षण, आरोग्य व पर्यावरण हीं तिन्ही कामें तिच्या यादींत आहेत. शिवाय कारखाना जेथें आहे त्या परिसरास अग्रक्रम द्यावा, असें कायदाच सांगतो. सातपूर, अंबड व सिन्नर येथील कारखान्यांच्या आसपास ज्यांचीं गांवें आहेत, त्यांनीं हें विसरूं नये.

मागणारा कोण

एकट्या माणसाच्या अर्जास येथें थारा नाहीं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्था हवी. ज्यांस लोक 'बारा-अ' व 'ऐंशी-जी' म्हणतात, तीं आयकर खात्याचीं प्रमाणपत्रें तिच्यापाशीं असावीं. कंपनीच्या पैशासाठीं केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडेही संस्थेची नोंद लागते. हा नियम १ एप्रिल २०२१ पासूनचा आहे. अशा खासगी संस्थेस तत्सम कामाचा निदान ३ वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. म्हणून अर्जासाठीं घाईनें नवें मंडळ काढण्यांत अर्थ नाहीं. जवळच्या जुन्या, चोख हिशेबाच्या संस्थेस बरोबर घ्यावें. परदेशांतील पैसा तर २०१० च्या कायद्याखालील नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय घेऊंच नये, मग तो गांवच्याच परदेशीं नागरिक झालेल्या मुलानें धाडलेला असो.

अर्जांत काय असावें

(१) गरज. "अत्यंत निकड आहे" या शब्दांस किंमत नाहीं. मुलें किती, खोल्या किती, दवाखाना किती मैलांवर, उन्हाळ्यांत किती विहिरी कोरड्या पडतात, हे आंकडे हजेरीपट व गांवदप्तर पाहून द्यावे.

(२) जागा. सातबारा, फेरफार व मोजणीचा नकाशा जोडावा. थोड्या गुंठ्यांचें हस्तांतर असल्यास तुकडेबंदीचा कायदा आड येतो कीं काय, हें तहसील कचेरींत विचारावें. गायरान सरकारचें असतें. ग्रामसभेच्या ठरावानें तें कोणास देतां येत नाहीं. तलाव कोणत्या खात्याचा, हें ठरवून त्या खात्याची परवानगी घ्यावी.

(३) अंदाजपत्रक. तें इंजिनियरकडून करून घ्यावें. मागणी फुगवूं नये, व कमीही लिहूं नये. कारण अर्धवट राहिलेली इमारत गांवाच्या पुढच्या अर्जास मारक होते.

(४) गांवाचा वांटा. देणारा याकडे फार बारकाईनें पाहतो. राज्य सरकारनें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. तींत यंत्र व इंधन यांचा भार सरकार, कंपन्या व दानसंस्था यांनीं उचलावा आणि शेतकऱ्यानें गाळ स्वखर्चानें आपल्या शेतांत न्यावा, असें ठरलें होतें. (पुढें अल्पभूधारकांस वाहतुकीसाठीं कांहीं साह्य देण्याचें ठरलें.) तलाव मोकळा होतो व हलकें रान सुपीक होतें. कोण किती ट्रॉल्या गाळ नेणार, याची सह्यांची यादी ज्या अर्जास जोडलेली असेल, तो वरचढ ठरतो.

(५) पुढील देखभाल. दवाखाना बांधाल, पण परिचारिकेचा पगार कोण देणार? झाडें लावाल, पण तीन उन्हाळे पाणी कोण घालणार? याचें उत्तर माणसाच्या नांवासकट लिहावें. वाघाड प्रकल्पावरील ओझरच्या शेतकऱ्यांनीं १९९० नंतर पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घेतलें आणि पट्टी आपली आपण वसूल केली. पदरचा पैसा गोळा करून त्याचा हिशेब ठेवणाऱ्या अशा गांवावर परका माणूसही विश्वास टाकतो.

(६) हिशेब. निधीचें बँकखातें वेगळें, सह्या दोघांच्या, प्रत्येक खर्चास पावती, आणि वर्षाअखेर तपासनीसाचा दाखला. हिशेब ग्रामसभेंतही वाचून दाखवावा.

एक सूचना

"शेंकडा दहा द्या, मंजुरी आणून देतों" म्हणणारे लोक गांवोगांव फिरतात. त्यांस दारांतूनच वाटेस लावावें. अर्ज देणाऱ्या संस्थेकडे थेट करावा व त्याची पोंच घ्यावी. नकार आल्यास रागावूं नये. कारण विचारावें, उणीव भरून काढावी आणि पुढील वर्षीं पुन्हां अर्ज करावा.

दान मागणें यांत कमीपणा नाहीं. घेतलेल्या दानाचा जाब देतां न येणें यांत आहे. वाचकांनीं या महिन्यांत एवढेंच करावें : गांवच्या शाळेसाठीं, दवाखान्यासाठीं वा तलावासाठीं जी जागा मनांत असेल, तिचा सातबारा काढून इतर हक्कांसह शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. अर्जाची सुरुवात तेथूनच होते.