जनरेटर बंद का पडतो?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण हा कारखान्यांचा भाग आहे. वीज गेली की येथे जनरेटरची धडधड ऐकू येते. २००६ साली पुणे परिसरातील कारखान्यांनी विजेची मागणी जास्त असलेल्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवले. त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळाली आणि काही काळ भारनियमन टळले.

काही घरांत जुना डिझेल जनरेटर असतो. त्याचे दोन भाग असतात : इंजिन आणि अल्टरनेटर. इंजिन अल्टरनेटरला फिरवते आणि वीज तयार होते. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा जोराने दाबली की ती खूप तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याच्या अशा इंजिनाची यशस्वी चाचणी १८९७ साली झाली.

समजा, इंजिन फिरते. पण सुरू होत नाही. अशा वेळी घाईने सगळे खोलू नका. डिझेलच्या वाटेने तपास करा. टाकीत डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? फिल्टर तुंबला आहे का? टाकी पूर्ण रिकामी झाली तर नळीत हवा शिरते. हवा दबते, डिझेल दबत नाही. म्हणून नळीत हवा असली की पंप चालूनही फवारा उडत नाही. मग मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करतो. आधी बुडबुड्यांसह डिझेल बाहेर येते. बुडबुडे थांबले की तो स्क्रू घट्ट करतो. याला ‘एअर काढणे’ म्हणतात.

धूरही दोष सांगतो. काळा धूर म्हणजे भार जास्त किंवा हवा कमी. निळा धूर म्हणजे ऑईल जळत आहे. पांढरा धूर सारखा येत असेल तर डिझेल नीट जळत नाही किंवा त्यात पाणी आहे.

गाडीचे किलोमीटर मोजतात, जनरेटरचे तास मोजतात. ते वहीत लिहा. त्यावरून ऑईल आणि फिल्टर कधी बदलायचे ते कळते. सुरू करण्यापूर्वी ऑईलची पातळी पट्टीने पाहा.

आता सर्वांत महत्त्वाचे. जनरेटर खोलीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पण तो झोपेतच माणसाचा जीव घेतो. जनरेटर घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते. तेथे वीज बंद आहे असे समजून लाईनमन काम करत असतो. आपला दिवा लागावा म्हणून दुसऱ्याच्या घरातला दिवा विझू नये.

शब्दार्थ
भारनियमन – ठरावीक वेळी वीज बंद ठेवणे
तुंबणे – कचरा अडकून वाट बंद होणे
सैल – ढिला
दोष – बिघाड, खराबी

स्वाध्याय
१. डिझेल इंजिनात डिझेल कसे पेटते?
२. नळीत हवा शिरल्यावर इंजिन सुरू का होत नाही?
३. चेंजओव्हर स्विच कोणाचा जीव वाचवतो? कसा?
४. ‘मिस्त्री’, ‘हवा’ यांसारखे उर्दूतही असलेले आणखी तीन शब्द पाठातून शोधा.