अंगणातील वन्यजीव आणि कुटुंबाचा कॅमेरा

'वन्यजीव छायाचित्रण' हे शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे ताडोबातील वाघ, उघडी जिप्सी गाडी आणि तोफेसारखी लांब भिंगे येतात. त्या सफारीचे शुल्क आणि त्या भिंगांची किंमत सामान्य शिक्षकाच्या किंवा शेतमजुराच्या कुटुंबास परवडणारी नसते. साहजिकच हे क्षेत्र आपले नव्हे, असा समज समाजात रूढ झाला आहे. हा समज निराधार आहे, असे आम्ही स्वानुभवाने सांगू इच्छितो. आमच्या कुटुंबाने गेली काही वर्षे घराच्या अंगणातील, परसातील आणि मागच्या नाल्याकाठच्या प्राण्यांची छायाचित्रे काढली. या छंदाने आम्हाला काय शिकविले, त्याचा हा धांडोळा आहे. त्यात आमची एक चूकही आहे. ती वगळून हा लेख पूर्ण होणार नाही.

१. इतिहासाची साक्ष

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सोपाऱ्याचा शिलालेख परिचित असतो. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. या आठव्या लेखाचा विषय मोठा उद्बोधक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत आणि त्या यात्रेत मृगया, म्हणजे शिकार चाले. अशोकाने राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर संबोधीच्या स्थानास भेट दिली आणि विहारयात्रेच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. राजा घराबाहेर पडतच होता; मात्र बाहेर पडण्याचा हेतू बदलला.

राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर त्याने कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. ही यादी वाघसिंहांनी भरलेली नाही. तीत पोपट, साळुंकी, वटवाघूळ, कासव, साळिंदर, कबुतर आणि मुंग्यांची एक जातसुद्धा आहे. ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये, निष्कारण वने पेटवू नयेत, असेही त्यात बजावले आहे. बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाज्ञेत साळुंकीला आणि मुंगीला स्थान मिळते, याचा अर्थ आमच्या मते स्पष्ट आहे. ज्यांची आपण रोज गाठ घेतो, ते जीवही नोंदीस पात्र आहेत.

पुढील काळात मात्र शिकारीचीच नोंद अधिक झाली. ब्रिटिश अमदानीतील छायाचित्रे पाहावीत. मारलेल्या वाघावर पाय ठेवून साहेब किंवा संस्थानिक उभा असतो आणि मागे हाका घालणारे उघडे-वाघडे गोरगरीब असतात. साहेबाचे नाव चित्राखाली छापलेले असते. हाकाऱ्यांची नावे कोठेही नसतात. त्याच काळात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन रात्रीच्या जंगलातील वाघांची छायाचित्रे मिळविली आणि 1927 मध्ये त्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले. मरण न देताही प्राण्याची 'प्राप्ती' होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. आपली मराठी भाषाही येथे मार्मिक आहे. शिकार 'केली' जाते; छायाचित्र मात्र आपण 'काढतो', जसे कागदावर चित्र काढावे तसे.

२. वर्षावासातील आरंभ

आमच्या घरी आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या काळात, रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. अशाच एका सायंकाळी वाचन संपत आले असता ओसरीवरील दिव्याखाली एक मोठा बेडूक येऊन बसला आणि खाली पडणारे किडे टिपू लागला. कन्येने हळूच मोबाईल काढला. ते आमचे पहिले छायाचित्र. ते अस्पष्ट होते. परंतु त्यावरून वर्षावासाचा मूळ हेतू मुलांना सांगता आला. पावसाळ्यात चारिका करणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडविले जातात, अशी तक्रार लोकांनी केली, तेव्हा भगवंतांनी पावसाळ्यात एकाच ठिकाणी वास करण्याचा नियम घालून दिला, असे विनयपिटक सांगते. तो नियम अशाच बारीक जिवांसाठी होता, हे मुलांना त्या दिवशी उमगले.

पुढे पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून आम्ही एक जुना कॅमेरा घेतला. आमची वस्ती गावाच्या टोकाला आहे. मागे नाला आणि पलीकडे कापसाची व तुरीची शेते. वर्षभरात खार, मुंगूस, सरडा, वेडा राघू, खंड्या, कोतवाल, पिंगळा असे कितीतरी शेजारी आम्हास नव्याने भेटले.

या कामी आमची खरी गुरू ठरली ती आमची आई. तिने चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण केले. अक्षरओळख तिला झाली ती उतारवयात. नातवाने टिटवीचे छायाचित्र दाखविताच ती म्हणाली, "ही डोक्यावर ओरडत फिरू लागली की समजायचं, जवळच उघड्या जमिनीवर हिची अंडी आहेत. आम्ही बाया तेवढी जागा सोडून खुरपत असू." पक्षिशास्त्राच्या पुस्तकात टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, एवढी माहिती मिळते, शेतमजूर स्त्रिया ती जागा सोडून खुरपत, हे कोणत्याही पुस्तकात आम्हास आढळले नाही. तेव्हापासून प्रत्येक छायाचित्रामागे तारीख, वेळ, ठिकाण यांसोबत 'आजी म्हणाली' असा एक रकाना आमच्या वहीत आहे.

३. बुलबुलाचे घरटे : आमची चूक

एका उन्हाळ्यात कुंपणाच्या मेंदीत लालबुड्या बुलबुलाने घरटे केले. दोन पिले होती. मायबाप आळीपाळीने चारा आणीत. मध्ये एक डहाळी आड येत असल्याने छायाचित्र स्वच्छ मिळेना. आम्ही, म्हणजे या लेखाच्या लेखकानेच, ती डहाळी सुतळीने बाजूला बांधली. चित्र उत्तम आले. सर्वांनी वाखाणले. सायंकाळी डहाळी सोडावयाची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्येने जे छायाचित्र टिपले, त्यात भारद्वाज पक्षी घरट्यावर वाकलेला आहे. घरटे रिकामे झाले. आपल्याकडे भारद्वाजाचे दर्शन शुभ मानतात आणि पिंगळ्याचा आवाज अशुभ. त्या दिवशी हा भ्रम घरातील सर्वांच्याच मनातून गेला. भारद्वाज शुभ नव्हता, तसाच तो दुष्टही नव्हता; त्याने आपले भक्ष्य घेतले. ज्या पानांनी ते घरटे झाकले होते, ती आम्ही दूर केली होती. दोष आमचा होता.

मुलगा म्हणाला, "बाबा, हा फोटो पुसून टाकू." आम्ही पुसला नाही. गैरसोयीचा पुरावा नष्ट करणे हे इतिहासाच्या शिक्षकास शोभत नाही. ते छायाचित्र आमच्या वहीत पहिल्या पानावर चिकटविले आहे. त्यानंतर आम्ही एकाही नांदत्या घरट्याचे छायाचित्र काढलेले नाही.

४. धामण : इच्छा आणि गरज

पुढच्याच पावसाळ्यात शेजारच्या सरपणाच्या खोलीत साप निघाला. "नाग, नाग" अशी ओरड झाली आणि पाच-सहा जण काठ्या घेऊन जमले. आम्ही म्हणालो, "काका, दहा मिनिटं थांबा." त्यावर त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "गुरुजी, पोराला चावला तर जबाबदार कोण?" प्रश्न रास्त होता. त्यांच्या घरात रांगते मूल होते. भीतीला उपदेशाने उत्तर देता येत नाही. माहितीने देता येते.

मुलाने बऱ्याच अंतरावरून छायाचित्र घेतले आणि पडद्यावर मोठे करून सर्वांना दाखविले. तपकिरी लांब अंग, शेपटीकडे गडद पट्टे, मोठे गोल डोळे, ओठांच्या खवल्यांवर काळ्या रेघा, फणा नाही. तेच छायाचित्र तालुक्याच्या सर्पमित्रास पाठविले. त्यांनी धामण असल्याचे कळविले. धामण बिनविषारी असून उंदीर हे तिचे मुख्य अन्न. म्हणजे ती शेतकऱ्याच्या धान्याची राखणदार. ती गाईम्हशींचे दूध पिते ही समजूत खोटी आहे. कोणताच साप दूध पीत जगत नाही. सर्वांनी मागे सरून नाल्याकडील वाट मोकळी केली. अर्ध्या तासात ती निघून गेली. काठ्या खाली ठेवल्या गेल्या.

त्या सायंकाळच्या वाचनात आम्ही बाबासाहेबांचे अहिंसेवरील विवेचन मुद्दाम काढले. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बाबासाहेब भेद करतात. अहिंसा हा त्यांच्या मते आंधळेपणाने पाळावयाचा नियम नसून विवेकाने लावावयाचे तत्त्व आहे. सरपणाच्या खोलीपुढे आम्हास तेच दिसले. जमलेल्यांपैकी कोणीही क्रूर नव्हते; मारणे गरजेचे आहे असे त्यांना वाटत होते. ओळख पटताच गरज उरली नाही, आणि गरज नसताना कोणी काठी उचलली नाही. अज्ञान हे इच्छेला गरजेचे रूप देते. एका छायाचित्राने ते रूप उतरविले.

५. छंद जोपासू इच्छिणाऱ्यांसाठी

(अ) महागड्या साधनांची वाट पाहू नये. मोबाईलवर सरडा, फुलपाखरू, कोळी, बेडूक यांची उत्तम छायाचित्रे मिळतात. दूरच्या पक्ष्यांसाठीच लांब भिंगाची आवश्यकता असते.

(आ) सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर प्रकाश कोवळा असतो. प्रकाश आपल्या पाठीमागून यावा.

(इ) प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. बेडकासाठी जमिनीवर पालथे पडावे लागते. वरून पाहिलेला जीव क्षुद्र दिसतो. समोरून पाहिला की तो आपल्याकडे पाहत असल्याचे कळते. हे माणसांनाही लागू आहे.

(ई) घरट्यापासून दूर राहावे. डहाळी वाकवू नये, पिलू उचलू नये, निशाचरांवर प्रखर दिव्याचा झोत टाकू नये.

(उ) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. ओळख पटविण्यासाठी सापाजवळ कदापि जाऊ नये. सर्पमित्रास किंवा वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार संरक्षित प्राण्यांना पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानी असावे.

(ऊ) नोंद ठेवावी. तारीख, वेळ, ठिकाण आणि प्राणी काय करीत होता, या चार गोष्टी नसतील तर छायाचित्र ही केवळ शोभा ठरते. असतील तर तो दस्तऐवज होतो.

(ए) घरातील वृद्धांना छायाचित्र दाखवून त्यांचे बोलणे लिहून घ्यावे. हे काम उद्यावर टाकू नये. आमच्या वहीतील 'आजी म्हणाली' हा रकाना गेल्या हिवाळ्यापासून कोराच आहे.

समारोप

साहेबांच्या छायाचित्रांत आपले पूर्वज निनावी हाकारे म्हणून मागे उभे राहिले. आज कॅमेरा आपल्या मुलांच्या हाती आहे. त्यांनी त्यातून काय पाहावे आणि कोणाचे नाव लिहावे, हे ठरविण्याचा अधिकारही त्यांचाच आहे. आपल्या या निवासी शाळेच्या आवारात झाडे आहेत, मोकळे मैदान आहे, आणि रात्री वसतिगृहाच्या दिव्यांखाली पाली व बेडूक येतातच. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले, तर एका वर्षात शाळेच्या परिसरातील जीवांची सचित्र नोंदवही सिद्ध होऊ शकेल. प्रत्येक चित्राखाली टिपणाऱ्या विद्यार्थ्याचे पूर्ण नाव असावे, आणि माहिती देणाऱ्या आजी-आजोबांचेही. पहिल्या पानासाठी आमच्या वहीतील टिटवीचे चित्र आणि त्याखालचे आईचे शब्द आम्ही आनंदाने देऊ.

नमो बुद्धाय, जय भीम.