मोठा स्फोट झाला तर जखमींना कसं वाचवतात? (हॅलिफॅक्सची गोष्ट)



जवळपास कुठे आग लागली की आपण काय करतो? खरं सांगा हं! धावत बघायला जातो, नाहीतर खिडकीत उभे राहतो. हल्ली तर हातात मोबाईलही असतो. आजचा पाठ याच सवयीबद्दल आहे.

काय घडलं?

कॅनडा देशात हॅलिफॅक्स नावाचं बंदर आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं. 6 डिसेंबर 1917 रोजी सकाळी बंदराच्या चिंचोळ्या भागात दोन जहाजांची टक्कर झाली. एक नॉर्वेचं 'इमो' आणि दुसरं फ्रान्सचं 'माँ ब्लाँ'. माँ ब्लाँमध्ये हजारो टन स्फोटकं भरलेली होती, पण हे गावातल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. जहाज पेटलं, धुराचे लोट उठले. शाळेला निघालेली मुलं थांबली. घराघरांतली माणसं खिडकीशी आली.

साधारण 20 मिनिटांनी, 9 वाजून 4 मिनिटांनी, स्फोट झाला. सुमारे 2,000 माणसं गेली आणि जवळपास 9,000 जखमी झाली.

स्फोटात इजा कशी होते?

आपल्याला वाटतं, स्फोट म्हणजे भाजणं. पण इजा चार प्रकारे होते.

1. हवेच्या दाबाची लाट येते. तिने कानाचे पडदे फाटतात, फुप्फुसांना इजा होते. बाहेरून कधी कधी काहीच दिसत नाही.
2. काचा, पत्रे, दगड उडून लागतात.
3. माणूस स्वतः फेकला जातो, आपटतो.
4. भाजतं, धुराने गुदमरतं, भिंतीखाली चिरडतं.

हॅलिफॅक्समध्ये काचांनी फार मोठं नुकसान केलं. लोक काचेला नाक लावून आग बघत होते आणि तीच काच फुटून त्यांच्या डोळ्यांत गेली. डोळ्यांच्या सुमारे 5,900 जखमांची नोंद झाली. 41 जणांची दृष्टी कायमची गेली. न्यू ग्लासगो गावाहून आलेले डॉ. कॉक्स तिथे तासन्‌तास डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करत होते.

मदत कशी पोचली?

रेल्वेतला तारखात्याचा कर्मचारी व्हिन्स कोलमन याला जहाजातल्या स्फोटकांची कुणकुण लागली. पळून जाण्याऐवजी त्याने येणाऱ्या गाड्या थांबवण्यासाठी तार केली. तो स्फोटात गेला, पण त्याची तार पुढच्या स्टेशनांवर पोचली होती. हॅलिफॅक्सवर संकट आलंय, हे बाहेर कळलं. आजूबाजूच्या गावांतून डॉक्टर, नर्स आणि औषधं घेऊन गाड्या निघाल्या.

इकडे गावात गोंधळ होता. कॅम्प हिल हे लष्करी रुग्णालय जेमतेम 280 रुग्णांसाठी होतं, तिथे पहिल्याच दिवशी सुमारे 1,400 जखमी आले! खाटांच्या मधे, जमिनीवर, सगळीकडे माणसं. त्यातच दुसरा स्फोट होणार अशी अफवा उठली आणि लोक मोकळ्या मैदानाकडे पळाले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांना काढायचं काम खोळंबलं. दुसऱ्या दिवशी हिमवादळ आलं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरातून त्याच रात्री निघालेली मदतगाडी बर्फात अडकत अडकत 8 डिसेंबरला पोचली. ही मदत त्या लोकांनी लक्षात ठेवली. हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे, तो नोव्हा स्कॉशिया प्रांत आजही दरवर्षी बोस्टनला नाताळचं झाड पाठवतो.

आधी कोणाला बघायचं?

जखमी खूप आणि डॉक्टर थोडे असले, की आज जखमींची वर्गवारी करतात. लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडं थांबता येईल, हिरवा म्हणजे किरकोळ जखम. ज्याला वाचवणं शक्य नाही त्याला काळा रंग.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. जो मोठ्याने ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे. जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी बघायला हवं. आणि ज्यांना चालता येतं, तेच सगळ्यात आधी जवळच्या दवाखान्यात पोचतात. दवाखाना त्यांनीच भरतो आणि गंभीर रुग्ण मागून येतात. म्हणून किरकोळ खरचटलं असेल तर थोडं थांबणं हीसुद्धा मदतच आहे.

आपण काय करायचं?

- आग किंवा धूर दिसला की खिडकीपासून लांब जा. मोठा झोत चमकला तर लगेच खाली बसा, डोळे-तोंड झाका. उजेड आधी येतो, हादरा मागून. एवढ्याशा वेळात डोळे वाचू शकतात.
- डोळ्यात काच गेली तर चोळू नका, स्वतः काढू नका. डोळ्यावर दाब येऊ देऊ नका.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मात्र जखमेत काही रुतलेलं असेल तर ते उपटू नका, त्याच्या बाजूने दाबा.
- समोरच्याला ऐकू येत नसेल तर खुणांनी सांगा.
- 108 किंवा 112 ला फोन करा. रस्ता मोकळा ठेवा. अफवा पुढे पाठवू नका.

4 ऑगस्ट 2020 रोजी लेबनॉनमधल्या बैरूत बंदरात आग लागली, तेव्हाही अनेक जण खिडकीतून मोबाईलवर चित्रण करत होते. नंतर मोठा स्फोट झाला आणि पुन्हा काचांनीच असंख्य लोक जखमी झाले. मधे 103 वर्षं गेली, सवय तीच राहिली. आपण तरी ती मोडूया.

स्वाध्याय

1. हॅलिफॅक्समध्ये इतक्या लोकांच्या डोळ्यांना इजा का झाली?
2. गप्प पडलेल्या जखमीकडे आधी का बघावं?
3. आपल्या वर्गातली सर्वात सुरक्षित जागा कोणती? मित्रांशी चर्चा करून नकाशात दाखवा.
4. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटाची माहिती घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा.