मॉरिशस : उसाचा मळा आणि मताचा हक्क

१८१० साली ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून मॉरिशस बेट जिंकून घेतले. परंतु उसाचे मळे फ्रेंच मळेवाल्यांच्याच हाती राहिले. १८३५ साली गुलामगिरी रद्द झाली. मजुरांची उणीव भरून काढण्यासाठी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर, म्हणजेच ‘गिरमिटिये’, आणले जाऊ लागले होते. अशी सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुई बंदरात उतरली. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेले कोकणातील मराठी मजूरही होते.

१८६१ पर्यंत बेटावर भारतीय बहुसंख्य झाले. तथापि १८८५ च्या राज्यघटनेने मताधिकार मालमत्तेशी जखडून ठेवल्यामुळे या संख्याबळाला राजकीय अर्थ उरला नाही. मजुरांची मुले मात्र सायंकाळी वस्तीतील ‘बैठके’त जमून धर्म आणि भाषा टिकविण्यासाठी अक्षरे गिरवीत राहिली.

१९४७ च्या घटनेने मालमत्तेऐवजी साक्षरतेची साधी अट घातली आणि त्यासाठी काही भारतीय भाषाही ग्राह्य मानल्या. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांवर गेली. श्रद्धेपोटी जपलेले अक्षर अशा रीतीने नागरिकत्वाचे साधन ठरले. १९५९ साली प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली आणि १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले.