तडीपारीची नोटीस आणि नागरिकाचे संचारस्वातंत्र्य

प्रश्न : माझे धाकटे बंधू तालुक्याच्या गावी खते-बियाण्यांचे दुकान चालवितात. गेल्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी जे आंदोलन झाले त्यात ते पुढे होते. आता उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडून त्यांना महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ व ५९ खाली नोटीस आली असून, आमच्या व लगतच्या दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांकरिता तडीपार का करू नये, याचा खुलासा मागितला आहे. आधारादाखल आठ वर्षांपूर्वीचा मारामारीचा एक गुन्हा दाखविला आहे, त्यातून ते निर्दोष सुटले. दुसरा गुन्हा आंदोलनातील बेकायदा जमावाचा आहे, त्याचा खटला अद्याप उभा राहिलेला नाही. शेवटी ‘दोन साक्षीदारांनी गोपनीय जबाब दिले आहेत’ एवढे एकच वाक्य आहे. न्यायालयाने ज्याला दोषी ठरविलेले नाही, त्याला सरकारी अधिकारी स्वतःच्या घरातून घालवू शकतो काय? राज्यघटना अशा वेळी कोणाच्या बाजूस असते?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : घालवू शकतो. हे उत्तर आपणांस कठोर वाटेल, परंतु ते आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. कारण ‘शिक्षा झालेली नाही, म्हणजे कोणी काही करू शकत नाही’ अशा भाबड्या विश्वासाने नोटीस घडी करून ठेवणारी आणि मग हुकूम हाती पडल्यावर धावाधाव करणारी माणसे थोडी नाहीत. मात्र हा अधिकार कायद्याने ज्या अटींनी बांधून टाकला आहे, त्या अटी आपण वर्णन केलेल्या नोटिशीत पुऱ्या झालेल्या दिसत नाहीत, आणि आपल्या बंधूंचा बचाव तेथेच आहे.

घटनेच्या १९व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास भारताच्या राज्यक्षेत्रात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा आणि कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. त्याच अनुच्छेदाच्या पाचव्या खंडाने सर्वसाधारण जनतेच्या हितार्थ या हक्कांवर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही शासनास दिली आहे. ‘वाजवी’ या एका विशेषणाभोवती सारा वाद घटना अमलात आल्यापासून फिरत आला आहे. सर्वोच्च न्यायालय स्थापन झाल्याला पुरते वर्षही झाले नव्हते तेव्हा, मध्यप्रांताचे एकेकाळचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे हे हिंदुमहासभेचे अध्यक्ष असताना, त्यांना दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ३१ मार्च १९५० रोजी तीन महिन्यांसाठी दिल्ली जिल्ह्याबाहेर जाण्याचा हुकूम दिला, आणि तो पूर्व पंजाबच्या ज्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याखाली दिला गेला होता, त्याच्या वैधतेचा प्रश्न पाच न्यायाधीशांपुढे गेला. तिघांनी कायदा उचलून धरला, न्या. मुखर्जी व न्या. महाजन यांनी तो घटनाबाह्य ठरविला. निर्बंधाची वाजवी मर्यादा तपासताना कायद्याचा केवळ हेतू नव्हे, तर त्याची कार्यपद्धतीही तपासली पाहिजे, हे तत्त्व मात्र त्या निर्णयातून निघाले, आणि ते आजही आपल्या उपयोगी पडणारे आहे.

पुढे १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमातील, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील, तडीपारीची कलमे १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. युक्तिवाद असा होता की, काही माणसांची दहशत एवढी असते की त्यांच्याविरुद्ध उघड न्यायालयात उभे राहावयास कोणी धजत नाही. अशा वेळी फौजदारी खटल्याचा सरळ मार्ग खुंटतो आणि समाजास निराळे साधन लागते. १९७३ च्या एका मुंबईकडील प्रकरणात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी याच विचाराचा पुढचा टप्पा सांगितला : साक्षीदारांची ओळख उघड होईल इतका बारीक तपशील नोटिशीत देणे बंधनकारक नाही, आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळविले म्हणजे पुरे. या युक्तिवादातील वास्तव मी नाकारीत नाही. ज्या गल्लीत फिर्याद देणाऱ्याचे दुकान दुसऱ्या दिवशी फोडले जाते, तेथील रहिवाशांनाही स्वातंत्र्य आहेच. परंतु ज्याच्याविरुद्ध कोण काय बोलला हे त्याला कळत नाही, त्या माणसाचे घरदार व उपजीविका आपण एका कार्यकारी अधिकाऱ्याच्या समाधानावर सोपवीत आहोत, हे भान सुटले की हे अपवादात्मक साधन राजकीय उपद्रव मोडण्याचे सोपे हत्यार बनते. म्हणूनच कायद्याची प्रत्येक अट अक्षरशः पाळली गेली पाहिजे, असा आग्रह धरण्यात आडमुठेपणा नाही.

आता आपल्या नोटिशीकडे वळू. कलम ५६ च्या पहिल्या भागाखाली कारवाई करावयाची तर त्या व्यक्तीच्या हालचालींमुळे किंवा कृत्यांमुळे लोकांच्या जीवितास वा मालमत्तेस भय, धोका किंवा इजा पोहोचत आहे, असे दाखविणारे साहित्य अधिकाऱ्यापुढे असावे लागते. दुसऱ्या भागाखाली करावयाची तर गुन्हा बलप्रयोगाचा वा हिंसेचा, अथवा जुन्या भारतीय दंडसंहितेच्या १२व्या, १६व्या किंवा १७व्या प्रकरणातला, म्हणजे नाणी व मुद्रांक, मानवी शरीर वा मालमत्ता यांविषयीचा असावा लागतो. आणि भीतीपोटी साक्षीदार उघडपणे साक्ष देण्यास तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे स्वतःचे मतही बनलेले असावे लागते. बेकायदा जमावाचा अपराध त्या संहितेत आठव्या प्रकरणात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली असली तरी अपराधाचे स्वरूप त्यामुळे बदलत नाही. पाण्यासाठी रस्त्यावर बसलेल्या जमावाने कोणास मारहाण केली नसेल, तर तो गुन्हा दुसऱ्या भागात ओढूनताणूनच बसवावा लागेल. आठ वर्षांपूर्वीच्या, शिवाय निर्दोष सुटकेत संपलेल्या, प्रकरणाचा आजच्या भीतीशी जिवंत संबंध कोणता, हे नोटीस सांगत नाही. गोपनीय जबाबांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निर्णयांत म्हटले आहे ते एवढेच की, नाव गुप्त ठेवा, पण साधारण कोणत्या काळी, कोणत्या भागात, कोणते कृत्य घडले याचा सारांश तरी नोटिशीत द्या. नुसत्या ‘दोन जबाब आहेत’ या वाक्याला खुलासा तो काय द्यावयाचा?

जालना जिल्ह्यातील एका तडीपारीसंबंधी २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने दिलेला, न्या. अभय ओक यांनी लिहिलेला निर्णय आपल्या वकिलांनी अवश्य सादर करावा. तडीपारी हा असाधारण उपाय असून त्याने माणूस स्वतःच्या घरात कुटुंबीयांसह राहण्यास मुकतो, प्रसंगी उपजीविकेसही मुकतो, म्हणून तो क्वचितच वापरावा. आणि कमाल म्हणजे दोन वर्षांची मुदत ठरविली तर तेवढीच का, याचा विचार झाल्याचे हुकुमात दिसले पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. त्याच्या आदल्या वर्षी अमरावतीच्या एका पत्रकाराची तडीपारीही त्याच न्यायालयाने रद्द केली. सार्वजनिक संस्थांतील गैरव्यवहारांविरुद्ध तक्रारी करणारा तो माणूस होता. आपल्या बंधूंच्या आंदोलनाशी याचे साम्य आहे. तीन जिल्ह्यांच्या व्याप्तीबद्दलही हाच प्रश्न विचारावा : ज्या जिल्ह्यांत त्यांनी कधी काही केल्याचा आरोपही नाही, तेथून त्यांना का घालवावयाचे?

करावयाचे ते असे. नेमलेल्या तारखेस बंधूंनी वकिलासह हजर राहावे. कलम ५९ त्यांना वकिलामार्फत बाजू मांडण्याचा, लेखी कैफियत देण्याचा व साक्षीदार तपासून घेण्याचा हक्क देते. निर्दोष सुटकेच्या निकालाची नक्कल, आंदोलनाची निवेदने, दुकानाचा परवाना व गावातील प्रतिष्ठितांची शपथपत्रे कैफियतीस जोडावीत. दप्तरी पोहोच घेतल्याशिवाय एकही कागद देऊ नये. एवढे करूनही हुकूम झालाच, तर कलम ६० प्रमाणे ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. व्यवहारात ही अपिले बहुधा विभागीय आयुक्तांपुढे चालतात, आणि स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा. त्यानंतर उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. कलम ६१ ने न्यायालयीन तपासणीची कारणे आखडून टाकली आहेत : कार्यपद्धती पाळली नाही, हुकुमास आधार देणारे साहित्यच नव्हते, साक्षीदारांविषयीचे मत बनलेच नव्हते, अशी मोजकी. नेमके हेच मुद्दे आजच्या कैफियतीत लेखी आलेले असले, तर पुढे त्यांना वजन राहते; म्हणून मी नोटिशीच्या पायरीला अपिलाहून अधिक महत्त्व देतो.

प्रश्न : माझ्या यजमानांना एक वर्षासाठी जिल्ह्यातून तडीपार केले आहे. सासूबाई अत्यवस्थ आहेत, शिवाय पुढील महिन्यात यजमानांच्या एका खटल्याची तारीख आमच्याच जिल्हा न्यायालयात आहे. ते येऊ शकतात काय?
— एक भगिनी

उत्तर : परवानगीवाचून येऊ नये. मुदत संपण्यापूर्वी विनापरवाना परतणे हा कलम १४२ खाली स्वतंत्र अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते; आई आजारी होती, हे सांगून तो अपराध पुसला जात नाही. कलम ६३ मध्ये तात्पुरत्या प्रवेशाची सोय आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांचा दाखला व न्यायालयाच्या समन्साची प्रत जोडून दोन कारणांसाठी दोन स्वतंत्र अर्ज आजच करावेत, म्हणजे एक रखडला तरी दुसरा अडणार नाही. मंजुरी देताना मुचलका किंवा जामीन मागितला जाऊ शकतो, त्याची तजवीज करून ठेवावी. न्यायालयीन तारखांची सवलत मूळ हुकुमातच लिहिलेली आहे का, तेही वाचून पाहावे. तारखेपर्यंत परवानगी हाती न आल्यास त्या दिवशीच्या गैरहजेरीची माफी मागणारा अर्ज, तडीपारीच्या हुकुमाची प्रत जोडून, वकिलामार्फत न्यायालयात आधीच दाखल करावा, नाहीतर त्यांच्या नावे वॉरंट निघण्याचा संभव आहे.