'नाही बोल' की 'बोलू नको'? : नकारार्थी आज्ञा शिकवताना



मीरा-भाईंदरच्या वर्गात एकाच बाकावर गुजराती, मारवाडी, हिंदी बोलणारी मुलं बसतात. 2020 च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. वाचन-लेखन ही मुलं हळूहळू करतात, पण अडखळतात ती 'करू नको' म्हणताना. हिंदीत 'बोलो'च्या आधी 'मत' लावलं की काम झालं. त्याच चालीवर मूल 'नाही बोल' म्हणतं. मराठीत त्याचा अर्थ होतो, 'नकार दे'!

आपल्याकडे धातूला 'ऊ' लावावा लागतो: बोल–बोलू, बस–बसू, खा–खाऊ, ये–येऊ. मग 'नको' किंवा 'नका'. 'पी'चं मात्र 'पिऊ', पहिली वेलांटी.

गुजराती मुलांना हे लवकर पटतं. त्यांच्या घरी 'चिंता करशो नहीं' म्हणतात. तिथेही क्रियापद आज्ञार्थ सोडून भविष्यकाळाचं रूप घेतं. मोठ्या वर्गात कुणी स्पॅनिश शिकत असेल तर त्याला विचारा. 'आब्ला' म्हणजे बोल, पण बोलू नको म्हणजे 'नो आब्लेस'. 'कोमे' म्हणजे खा, आणि खाऊ नको म्हणजे 'नो कोमास'. तिकडे तर स्वरच उलटतो! 'मराठीच अवघड' ही तक्रार मग जरा कमी होते.

खरी गोम आदराची आहे. हिंदीत आदर क्रियापदात असतो: मत जा, मत जाइए. मराठीत 'जाऊ' तसंच राहतं आणि आदर 'नको-नका'त येतो. त्यात 'जा', 'खा' ही रूपं तू आणि तुम्ही दोघांनाही सारखीच, त्यामुळे होकारात चूक झाकली जाते. नकारात लगेच उघडी पडते. सोसायटीच्या वॉचमनना 'काका, जाऊ नको' म्हटलं की मूल उद्धट ठरतं, मनात तसं काही नसताना. उलट 'आई, जाऊ नको' हे मायेचंच बोलणं. तिथे 'नका' म्हणायला लावू नका. (वडिलांना काय म्हणायचं ते घराघरावर आहे, त्यात शाळेने पडू नये.)

फळ्यावर बस, दे, पी, लिही लिहा. प्रत्येक आज्ञा आधी मित्राला, मग मुख्याध्यापकांना नकारात द्यायला सांगा. एखादं मूल 'लिहीऊ नका' म्हणेल. लगेच टोकू नका. 'ऊ' लावायचा हे त्याला कळलेलं आहे, 'लिहू' कानावर पडून येईल.