घराआधी वस्ती

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. घर बांधणे किती कष्टाचे असते, हे ती थोडक्यात सांगते. परंतु नोकरीधंद्यासाठी शहरात येणारी बहुतेक कुटुंबे प्रथम घर बांधीत नाहीत. ती भाड्याच्या घरात राहतात. त्यांच्यापुढील प्रश्न निराळा असतो. एवढ्या मोठ्या शहरात राहावयाचे कोठे? घराच्या भिंतींना नवा रंग देता येतो, गळके छप्पर दुरुस्त करता येते. पण घरापुढचा रस्ता, नळाचे पाणी, जवळची शाळा आणि शेजारची माणसे यांत भाडेकरूस एकट्याने बदल करता येत नाही. म्हणून आधी वस्ती पारखावी आणि मग घर निवडावे.

ही पारख कशी करावी, हे पुण्याच्या पूर्वेकडील हडपसर या उपनगराकडे पाहिले म्हणजे चांगले कळते. सोलापूर रस्त्याने पुण्यास येणाऱ्या माणसाला हे मोठे उपनगर आधी लागते. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर व संत तुकाराम यांच्या पालख्या पुण्याहून हडपसरपर्यंत एकाच वाटेने येतात. तेथून माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडकडे वळते, तर तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या दिशेने पुढे जाते. एके काळी हे शेतीचे गाव होते. खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊस आणि भाजीपाला पिकत असे. पुढे कारखाने आले. लसी तयार करणाऱ्या सिरम इन्स्टिट्यूटची स्थापना येथे १९६६ साली झाली. त्यानंतर संगणक कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. माळवाडी, सातववाडी, ससाणेनगर, गोंधळेनगर, मगरपट्टा सिटी ही नुसती नावे वाचली, तरी गावाचा प्रवास ध्यानात येतो. ‘वाडी’ शेतीच्या दिवसांची आठवण देते, ‘नगर’ वाढत्या शहराची आणि ‘सिटी’ अगदी अलीकडच्या काळाची.

आता कल्पना करा, की एक कुटुंब सोलापूर जिल्ह्यातून हडपसरला येत आहे. वडिलांना कारखान्यात काम मिळाले आहे, आईला शिवणकाम करावयाचे आहे आणि दोन मुलांना शाळेत जावयाचे आहे. या कुटुंबाने काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे रोजची वाट. शहरात अंतर मैलांनी मोजून भागत नाही. ते मिनिटांनी मोजावे लागते. केवळ नावावरून जवळ आणि दूर ठरविले, तर फसगत होते. हडपसर रेल्वे स्थानकाचेच उदाहरण घ्या. नावाने ते हडपसरचे असले, तरी जुन्या गावठाणापासून ते बरेच दूर, उत्तरेकडे आहे. दक्षिणेच्या बाजूने पुणे–मिरज लोहमार्ग जातो. घर लोहमार्गाच्या अलीकडे व शाळा पलीकडे असेल, तर तेथे पूल आहे, भुयारी वाट आहे की फाटक, हे आधी पाहावयास हवे. मोबाइलवरील नकाशा रस्ता दाखवितो. पण त्या रस्त्यावर मुलांना चालावयास पदपथ आहे का, सायंकाळी दिवे लागतात का, हे स्वतः चालून गेल्यावाचून कळत नाही. वस्ती पाहण्यास रविवारच्या निवांत दुपारी जाऊ नये. कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास जावे. त्या वेळी वस्तीचे खरे रूप दिसते.

दुसरी गोष्ट पाण्याची. गावातून कालवा वाहतो, एवढ्यावरून घरातल्या नळाला पाणी येईल असे समजू नये. पाणी दिवसातून किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो काय, हे घरमालकापेक्षा तेथील जुन्या रहिवाशांस विचारावे. पाण्याची टंचाई जशी पाहावयाची, तसा त्याचा पूरही पाहावयाचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. हजारो माणसे बेघर झाली. अनेकांना नव्या वसाहतींत पुन्हा संसार मांडावा लागला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुसळधार पावसाने आंबिल ओढ्यास मोठा पूर आला व काठच्या वस्त्यांत प्राणहानी झाली. उन्हाळ्यात कोरडा ओढा एखाद्या पायवाटेसारखा दिसतो. त्याच्या काठी स्वस्त भाड्याचे घर मिळाले, तर मन मोहात पडते. पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यात पाणी कोठवर आले होते, हे विचारल्याखेरीज घर घेऊ नये.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. येथे थोडा व्यापक विचार केला पाहिजे. पुणे शहराचा कचरा अनेक वर्षे हडपसरच्या पुढील उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला जात असे. तेथील विहिरींचे पाणी बिघडले, दुर्गंधी पसरली आणि ग्रामस्थांना वारंवार आंदोलन करावे लागले. शहरातील एखादा रस्ता लख्ख दिसतो, तेव्हा तेथील कचरा कोणाच्या तरी दारी गेलेला असतो. आपली वस्ती स्वच्छ असावी असे वाटणे रास्त आहे. मात्र त्यासाठी दुसऱ्याची वस्ती घाण करणे रास्त नव्हे. ओला व सुका कचरा वेगळा करणारी वस्ती ही केवळ स्वच्छ नव्हे, तर न्यायीही असते.

शाळा, दवाखाना, मंडई आणि बसथांबा यांची चौकशी तर केलीच पाहिजे. हडपसरमध्ये रयत शिक्षण संस्थेचे साधना विद्यालय आहे, साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय आहे आणि गाडीतळावरून शहराच्या निरनिराळ्या भागांत बसगाड्या जातात. परंतु यांतील प्रत्येक ठिकाण आपल्या घरापासून किती दूर पडेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा. स्वस्त घराचे वाचलेले भाडे रोजच्या रिक्षात खर्च झाले, तर ते घर स्वस्त कसले?

सर्वांत अवघड पारख माणसांची. नव्या शहरात आलेला माणूस बहुधा आपल्या गावाकडची माणसे जेथे असतात तेथे जातो. यात गैर काही नाही. आजारपणात औषध आणून देणारा, रेशनकार्डाचे काम समजावून सांगणारा ओळखीचा माणूस प्रथम फार मोलाचा असतो. पण जन्मभर त्याच वर्तुळात राहिले, तर शहरात येऊनही शहर दिसत नाही. दुसरीकडे काही घरमालक भाडेकरूची जात, धर्म किंवा जेवण विचारून दार लावून घेतात. संविधानाने सर्व नागरिकांना समान मानले आहे. ज्या वस्तीच्या दारांवर असे अदृश्य कुलूप असते, ती वस्ती कितीही देखणी असली, तरी तिला चांगली वस्ती म्हणता येणार नाही.

येथवर वस्ती निवडणाऱ्यांचा विचार झाला. परंतु हडपसरमध्ये असेही लोक आहेत, की जे शहराकडे गेले नाहीत. शहरच त्यांच्या शेताच्या बांधापर्यंत आले. मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांपुढे हाच प्रसंग उभा होता. एकेकाने आपली जमीन विकली असती, तर पैसा आला असता आणि सरलाही असता. शेत गेले ते गेलेच असते. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी तसे केले नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी आपली मिळून सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली व कंपनी स्थापन केली. ज्याची जितकी जमीन, तितका त्याचा कंपनीत वाटा ठरला. २००० साली बांधकामास प्रारंभ झाला. घरे, कचेऱ्या, शाळा, दवाखाना आणि बाग यांची आखणी एकत्रच करण्यात आली. अशा वसाहतीतील घर प्रत्येकास परवडत नाही, हे खरे. तरीही तिच्यापासून घेण्यासारखा बोध सर्वांसाठी आहे. एकेकट्याने जे साधले नसते, ते सर्वांनी एकत्र बसून साधले.

हाच बोध माळवाडीत वा ससाणेनगरात दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबालाही लागू पडतो. मनाजोगती वस्ती तयार मिळणे कठीण. कोठे पाणी कमी, कोठे वाट लांब. पारख करून त्यांतल्या त्यात बरी वस्ती निवडावी आणि मग तिला चांगली करण्याचे काम हाती घ्यावे. दारापुढे एक झाड लावावे, बंद पडलेल्या दिव्याची तक्रार चार शेजाऱ्यांनी मिळून करावी, नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या दिवशी पाण्याची कळशी नेऊन द्यावी. वस्तीची निवड एकदाच होते; तिची घडण मात्र रोज होत असते.

शब्दार्थ
पारखणे – गुणदोष पाहून परीक्षा करणे. गावठाण – गावातील घरांची मूळ जागा. पदपथ – पायी चालणाऱ्यांसाठी राखलेली वाट. रास्त – योग्य. घडण – रचना, जडणघडण.

अभ्यास
१. घर निवडण्याआधी वस्ती का पारखावी?
२. ‘पाणी आपली जुनी वाट विसरत नाही’ या वाक्याचा अर्थ पाठातील घटनांच्या आधारे स्पष्ट करा.
३. मगरपट्ट्यातील शेतकऱ्यांनी कोणता मार्ग स्वीकारला? त्यामुळे काय साधले?
४. ‘अदृश्य कुलूप’ या शब्दांनी लेखकाने काय सुचविले आहे?
५. तुमच्या परिसरातील वाड्या, नगरे व पेठा यांची नावे मिळवा. ती कशी पडली, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.